‘कास्ट सिस्टम’ लावा, शास्त्रज्ञ वाढवा : एका गेमचा हिशेब

आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही काही कार्यकर्ते मिळून अभ्यासिका चालवतो. तिथे दोन जुने कॉम्प्युटर आहेत. नवे गेम त्यांच्यावर चालत नाहीत. म्हणून पोरांनी आपल्या मशीनला झेपेल असा एक जुना गेम शोधून काढला : ‘सिव्हिलायझेशन फोर’. आठवडाभर अभ्यास केला तर रविवारी दोन तास खेळायला मिळतं, असा आमचा करार आहे.

अशाच एका रविवारी सातवीतला एक मुलगा आनंदाने ओरडला, “दादा, मी कास्ट सिस्टम लावली! आता पाहिजे तेवढे शास्त्रज्ञ होतात.”

शेजारच्या मुलीने विचारलं, “कास्ट सिस्टम म्हणजे जातीव्यवस्था ना रे?”

“हो, तीच. पण ह्यात फायदा आहे.”

त्या पोराचा दोष काहीच नव्हता. शेतात कुठलं खत टाकलं की पीक वाढतं हे जसं सांगावं, तसं त्याने सांगितलं. गेमने त्याला नियम दाखवला, नियमात फायदा होता, त्याने तो घेतला. पण आमची त्या दिवशी झोप उडाली. आमच्यातला एक म्हणाला, आत्ताच्या आत्ता तो गेम काढून टाका. दुसरा म्हणाला, अरे गेम आहे तो, पोरं उद्या विसरतील. आठवडाभर आमच्यात वाद झाला. त्या वादातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो आहोत. कारण हा प्रश्न एका अभ्यासिकेचा नाही. आपली पोरं मोबाइलवर, कॉम्प्युटरवर रोज कुठलं ना कुठलं राज्य उभारत असतात. त्या राज्यांचे नियम कुणी लिहिले, हे आपण कधी विचारलेलं नाही.

गेममध्ये नेमकं काय आहे?

हा गेम २००५ साली आला. सिड मायर यांच्या नावाने चालणाऱ्या मालिकेतला हा चौथा भाग. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या फिरॅक्सिस ह्या कंपनीने तो बनवला. मालिका मुलांनी खेळण्याजोगी समजली जाते, आणि अनेक पालक तर ‘इतिहास शिकवणारा गेम’ म्हणून ती कौतुकाने हातात देतात.

खेळ इसवी सनपूर्व ४००० मध्ये सुरू होतो. तुम्ही एक वसाहत वसवता, शेती करता, शोध लावता, शहरं वाढवता आणि साम्राज्य उभं करता. राज्य कसं चालवायचं याचे पर्याय पाच गटांत दिलेले आहेत : शासन, कायदा, श्रम, अर्थव्यवस्था आणि धर्म. त्यातल्या श्रमाच्या गटात क्रमाने पाच पर्याय येतात. टोळीजीवन, गुलामगिरी, वेठबिगारी, ‘कास्ट सिस्टम’ आणि शेवटी ‘इमॅन्सिपेशन’ म्हणजे मुक्ती.

प्रत्येक पर्यायाला स्वतःचा फायदा आहे. गुलामगिरीत लोकसंख्येचा बळी देऊन अर्धवट बांधकाम झटक्यात पुरं करता येतं. वेठबिगारीत मजूर वेगाने काम करतात. आणि कास्ट सिस्टममध्ये? एरवी शहरात किती शास्त्रज्ञ, किती व्यापारी, किती कलावंत ठेवायचे हे तिथल्या इमारतींवर ठरतं. ग्रंथालय बांधलं तर दोन शास्त्रज्ञांची जागा मिळते. कास्ट सिस्टम लावली की ही मर्यादाच उठते. हवे तेवढे शास्त्रज्ञ करा.

म्हणजे ह्या गेमचं म्हणणं असं की जातीव्यवस्था असेल तर ज्ञान वाढतं.

गेम जिला जात म्हणतो ती जातच नाही

आता खेळताना काय घडतं ते बारकाईने पाहा. शहराच्या नकाशावर शेतात राबणारा एक नागरिक आहे. तुम्ही एक क्लिक करता आणि तो शेतातून उठून शास्त्रज्ञ होतो. पुढच्या खेपेला धान्य कमी पडलं तर पुन्हा क्लिक, पुन्हा शेतकरी. तिसऱ्या खेपेला कलावंत. कुणी अडवत नाही. त्याचा बाप कोण होता हे कुणी विचारत नाही. पाहिजे त्याने पाहिजे तो व्यवसाय करावा, तोही बिनमर्यादा!

मित्रांनो, ह्याला जातीव्यवस्था म्हणतात? जातीव्यवस्था नेमकी ह्याच गोष्टीला बंदी घालते. व्यवसाय बदलायचं जे स्वातंत्र्य जातीने हजारो वर्षं चिरडलं, तेच स्वातंत्र्य घेऊन गेमवाल्यांनी त्याला जातीचं नाव दिलं आहे. दुधाच्या बाटलीवर विषाची चिठ्ठी लावावी, आणि दूध पिऊन धष्टपुष्ट झालेल्या पोराला सांगावं की बघ, विषात किती ताकद असते, तसा हा प्रकार.

ही चूक त्या कंपनीतल्या कुणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. जात म्हणजे श्रमविभागणी, प्रत्येक जण आपापल्या कामात तरबेज, त्यामुळे समाजाचं काम सुरळीत, हा युक्तिवाद आपल्याच देशातून जगभर गेलेला आहे. सनातन्यांनी तो केला, गोऱ्या साहेबांनी तो पुस्तकांत उतरवला, आणि आज तोच फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड होऊन येतो. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्याचा निकाल लावला. त्यांचा मुद्दा असा होता की जात कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, त्यांना एकावर एक रचते आणि कायमचं बंद करून टाकते. त्यात माणसाची आवड, त्याची कुवत यांना जागाच नसते. जन्माच्या वेळीच काम ठरलेलं असतं. म्हणून ही व्यवस्था आर्थिकदृष्ट्याही तोट्याची आहे, हे अर्थशास्त्राचा तो डॉक्टर सांगत होता.

आणि ग्रंथालयाचं काय? गेममध्ये ग्रंथालय बांधलं की दार उघडं. आमच्या इतिहासात ग्रंथालय होतं, शाळा होती, दार मात्र बंद होतं. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा वर्गात बाजूला बसत होता, आणि शिपाई नसेल तर त्याला पाणी नसे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्याला संस्कृत शिकायचं होतं, नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढल्यानंतर काही वर्षांतच, १८५५ साली, त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. धर्माला थेट जाब विचारणारा निबंध! दार जरासं किलकिलं होताच हे घडलं. त्याआधीच्या शेकडो वर्षांत अशा किती मुक्ता मातीत गेल्या असतील? गेमच्या भाषेत सांगायचं तर जातीने शास्त्रज्ञांची मर्यादा उठवली नाही. शहरातल्या बहुसंख्य नागरिकांवर क्लिकच चालू नये, अशी सोय तिने केली.

गुलामगिरीला राग येतो, जातीला येत नाही

आणखी एक गोष्ट. ह्या गेममध्ये गुलामगिरी लावून तुम्ही माणसांचा बळी दिलात की शहरातली माणसं संतापतात, आणि तो संताप बराच काळ राहतो. म्हणजे बनवणाऱ्यांना कळत होतं की गुलामगिरी क्रूर आहे, तिची किंमत मोजायला लावली पाहिजे. कास्ट सिस्टमला मात्र अशी काही शिक्षा नाही. कितीही खेपा चालू ठेवा, तिच्यामुळे एकही चेहरा लाल होत नाही.

असं का? मेरीलँड हे एकेकाळी गुलामगिरीचं राज्य होतं. फ्रेडरिक डग्लस आणि हॅरिएट टबमन तिथेच गुलामगिरीत जन्मले. ती जखम तिथल्या माणसांच्या ओळखीची आहे. जात मात्र त्यांच्या लेखी दूरच्या देशातली एक चमत्कारिक रीत. आम्ही ह्यासाठी त्यांना शिव्या देत नाही. पण महात्मा फुल्यांनी १८७३ सालीच ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं, आणि तुमची गुलामगिरी व आमची जात ही सख्खी भावंडं आहेत हे दाखवून दिलं होतं. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तोच धागा जोडला. फुल्यांच्या त्या अर्पणपत्रिकेनंतर १३२ वर्षांनी त्याच अमेरिकेत बनलेल्या गेममध्ये गुलामगिरी पाप ठरते आणि जात विकासाचं साधन ठरते. आपला आवाज तिथपर्यंत पोचवायचं काम अपुरं राहिलं, हाही त्याचा अर्थ आहे. ते काम आता कुठे सुरू झालंय. २०२३ साली सिएटल शहराने जातीय भेदभावाला कायद्याने बंदी घातली, ती तिथल्या आपल्या भावाबहिणींनी रेटा लावला म्हणूनच.

एका ठिकाणी मात्र हा गेम नकळत खरं बोलून जातो. त्यात कास्ट सिस्टम कधी मिळते? ‘कोड ऑफ लॉज’, म्हणजे कायद्याची संहिता, हा शोध लागल्यावर. त्याच शोधातून न्यायालयही बांधता येतं. जात निसर्गातून आली नाही, ती लिहिलेल्या नियमांतून आली आणि त्याच नियमांनी न्यायनिवाडाही केला. मनुस्मृतीत एकाच गुन्ह्याला वर्ण बघून वेगळी शिक्षा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ती का जाळली, हे ह्याहून सोप्या भाषेत पोरांना सांगता येणार नाही.

पण लगेच दुसरी मेख आहे. गेममध्ये श्रमाचा गट वेगळा आणि धर्माचा गट वेगळा. सात धर्म आहेत, सगळ्यांचे परिणाम एकसारखे. सम्राट अशोकाला घेऊन, बौद्ध धम्म स्वीकारून, शेजारी कास्ट सिस्टम लावता येते आणि राज्य जोरात चालतं! जातीचा धर्मशास्त्राशी काही संबंध नाही, हे आजकाल जे ऐकवलं जातं, ते इथे नियम बनून बसलं आहे. तसं असतं तर १४ ऑक्टोबर १९५६ ची गरजच नव्हती.

मुक्ती कुठून येते?

‘इमॅन्सिपेशन’ हा शेवटचा पर्याय गेममध्ये लोकशाहीचा शोध लागल्यावर मिळतो. तोपर्यंत जातीविरुद्ध कुणी ब्र काढत नाही. मग एखादा परका देश मुक्ती स्वीकारतो, ते बघून तुमच्या शहरात नाराजी वाढते, आणि तुम्ही ती नाराजी मिटवायला मुक्ती ‘देता’. मध्ये एखाद-दुसरी खेप गोंधळाची जाते. भारताचे दोन्ही नेते, अशोक आणि गांधी, ‘आध्यात्मिक’ गुणाचे दाखवलेत. त्यांना ती गोंधळाची खेपही माफ आहे. म्हणजे भारतात जात एका क्लिकमध्ये, कुणाला खरचटल्याशिवाय जाते!

खरा हिशेब असा आहे. भगवान बुद्धाच्या संघात उपाली न्हावी होता, सुनीत सफाई करणारा होता. बाराव्या शतकात बसवण्णा उभे राहिले. चोखोबा उभे राहिले. जोतिराव उभे राहिले. आमच्या माणसांना मुक्तीची मागणी करायला परक्या देशाची वाट पाहावी लागली नाही.

आणि क्लिकचं म्हणाल, तर सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर क्लिक झाला. पाणी मिळालं का? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं, परतीच्या वाटेवर लोकांची डोकी फुटली, पुढे खटला चालला आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. एका तळ्यासाठी ठरावापासून चौदा वर्षं! संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पण राजकारणात समता आणि समाजात विषमता असं विसंगतीचं जगणं आपल्यापुढे वाढून ठेवलंय, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच दिला होता.

ह्या गेममध्ये प्रत्येक देशाला खास असं एक पात्र मिळतं. बहुतेकांना मिळतात योद्धे. भारताला मिळतो ‘फास्ट वर्कर’, इतरांपेक्षा भरभर चालणारा मजूर. आम्ही हे पाहिलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. हा पळत पळत रस्ते बांधणारा, राना-वनात राबणारा, नाव नसलेला माणूस कोण, हे आम्हाला ठाऊक आहे. गावकीच्या सांगाव्यापायी दिवसरात्र धावणारा तो आमचाच आजा-पणजा होता. त्याला त्या धावण्यातून सोडवावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाचं विधेयक आणलं.

मग गेम काढून टाकायचा का?

आमच्यातल्या काहींचं मत अजून तेच आहे, आणि त्यांचा राग आम्हाला समजतो. तरी आम्ही गेम काढला नाही. कारण साधं आहे. त्या पोराने तो विचार गेममधून घेतला नसता, तर दुसरीकडून घेतला असता. कॉलेजात गेल्यावर कुणीतरी गोड आवाजात सांगितलंच असतं की जात मुळात वाईट नव्हती, ती कामाची सोय होती. तेव्हा आम्ही त्याच्या शेजारी नसू. इथे तो नियम डोळ्यांसमोर उघडा पडला होता, आकड्यांसकट. त्याची चिरफाड करायला ह्याहून चांगली संधी कुठली?

‘गेमच आहे’ म्हणणाऱ्यांनाही आमचं सांगणं आहे. गोष्ट ऐकताना मूल विचारतं, हे खरं का? गेममध्ये ते विचारत नाही, कारण तिथे कुणी काही सांगतच नाही. मूल स्वतः करून बघतं आणि फळ मिळतं. करून शिकलेलं खोल रुजतं.

पुढच्या रविवारी आम्ही पोरांना एक काम दिलं. ह्या गेममधले बरेचसे नियम साध्या फायलींत लिहिलेले आहेत, नोटपॅडमध्ये उघडून बदलता येतात. आम्ही म्हटलं, कास्ट सिस्टमचा खरा नियम तुम्ही लिहा. आधी कागदावर.

अर्धा तास गलका झाला. एक जण म्हणाला, एकदा शेतकरी केला की बदलायचाच नाही. दुसरा म्हणाला, त्याचा मुलगा जन्मला तरी शेतकरीच. ती शेजारची मुलगी म्हणाली, ग्रंथालय बांधायला सगळ्यांनी राबायचं, आत जायचं मात्र थोड्यांनी. हे सगळं काही फायलीत बसवता आलं नाही. तेवढं कोडिंग आम्हालाही येत नाही. पण शास्त्रज्ञांची सूट काढता आली आणि संशोधनात वजाबाकी टाकता आली. खेळ पुन्हा सुरू झाला.

मग त्या सातवीतल्या मुलाने जो प्रश्न विचारला, त्याच्यासाठी हा लेख लिहिला.

तो म्हणाला, “दादा, आता कास्ट सिस्टम लावण्यात नुसता तोटाच आहे. मग राजा ती कशाला ठेवेल?”

आम्ही क्षणभर गप्प झालो. गेमच्या चौकटीत ह्याला उत्तर नाही. तिथे राज्य म्हणजे एकच माणूस, खेळणारा. राज्याचा फायदा तो त्याचा फायदा, राज्याचा तोटा तो त्याचा तोटा. सगळ्या प्रजेचं हित एकच आहे हे गेमने धरूनच टाकलंय. पण आमच्या देशात जातीमुळे तोटा कुणाला झाला? ज्यांना शाळेबाहेर ठेवलं त्यांना, आणि अख्ख्या देशाला. फायदा कुणाला झाला? ज्यांना फुकट श्रम मिळाले, बिनस्पर्धेची खुर्ची मिळाली, पायाखाली कुणीतरी आहे ह्याचं समाधान मिळालं त्यांना. आणि नियम कोण ठरवत होतं? तेच. देशाचा तोटा झाला तरी त्यांचा होत नव्हता. म्हणून जात टिकली, म्हणूनच ती आजही टिकून आहे. जाती ह्या राष्ट्रविरोधी आहेत हे बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं, त्याचा अर्थ हाच. जोवर नफा एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, तोवर ते एक राष्ट्र कसलं?

हे आम्ही त्याला सांगितलं. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “म्हणजे गेममध्ये दोन खेळाडू पाहिजेत. एकाच राज्यात.”

असा गेम अजून कुणी बनवलेला आम्ही पाहिला नाही. पण हे कायम असंच राहील असं नाही. ह्याच मालिकेच्या २०२५ साली आलेल्या सातव्या भागात हॅरिएट टबमन नेता म्हणून आली. मेरीलँडच्या गुलामगिरीतून पळालेली, पुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवून आणणारी ती बाई! तिच्या लोकांनी शतकभर आपला इतिहास लावून धरला, म्हणून ती तिथे पोचली.

आपल्या तरुणांना आमचं एवढंच सांगणं आहे. इंजिनिअरिंगला जाणारी, कोडिंग शिकणारी, चित्रं काढणारी हजारो पोरं आज आपल्या वस्त्यांत आहेत. गेम बंद पाडायचे मोर्चे काढण्यापेक्षा तुमच्या अभ्यासिकेत एक रविवार ह्याला द्या. पोरं जो गेम खेळतात तो त्यांच्या शेजारी बसून खेळा. कष्ट कोण करतं, मोजणी कुणाच्या बाजूने होते आणि राग कुणाला येत नाही, हे तीन प्रश्न त्यांना विचारा. आणि ज्यांना येतं त्यांनी त्या मुलाने सांगितलेला गेम बनवायला घ्या. नियम लिहिणाऱ्याच्या हातात सत्ता असते, हे संविधान लिहिणाऱ्याच्या लेकरांना आम्ही वेगळं काय सांगावं?

जय भीम!